मदत हवी आहे: भट्टी पडवीत, बजरीगर ओटीवर

मालवणातलं घर. मागच्या, पूर्वेच्या पडवीत मातीची भांडी भाजायची इलेक्ट्रिक भट्टी, पुढे ओटीवर चार बजरीगर (छोटे पोपट). पहिल्या भाजणीत मातीतला सेंद्रिय अंश आणि गंधक जळून कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड निघतो. पक्ष्यांना फुप्फुसांना जोडलेल्या हवापिशव्या असतात, त्यामुळे विषारी वायू त्यांच्यात लवकर भिनतो. आपल्याला नुसता वास येतो तोवर ते मान टाकतात. दिवसा समुद्राकडून येणारा खारा वारा धूर मागे नेतो, रात्री जमिनीकडून येणारा मतलई वारा तोच घरात आणतो! म्हणून भाजणी सकाळीच, पण १० तासांची भाजणी संध्याकाळ गाठतेच.

मातीच्या धुळीसाठी झाडू बंद, ओलं फडकं चालू.

भट्टीखालून हवा ओढणारा पंखा बसवायचाय. पाइपचं तोंड खिडकीपासून किती लांब ठेवता? घरगुती कार्बन मोनॉक्साइड अलार्म कमी पातळीला उशिरा वाजतो. आकडा दाखवणारा मीटर कोणी वापरतं का? की भाजणीच्या दिवशी पिंजरा शेजाऱ्यांकडेच हलवावा?