अनुभव धागा: तुमच्या वेळी माइनक्राफ्टच्या गावकऱ्यांशी सौदा कसा व्हायचा?

मागच्या रविवारी भाचा लॅपटॉप घेऊन शेजारी बसला होता. खेळातल्या त्याच्या जगात एक बिनकामाचा व्हिलेजर, म्हणजे गावकरी, उभा होता. पोरानं त्याच्यासमोर लेक्टर्न (पुस्तक ठेवायचं मेज) ठेवलं आणि बघता बघता तो लायब्ररियन झाला. मी म्हणाले, "आमच्या वेळी असं काम देता येत नव्हतं. जन्मतानाच अंगरख्याचा रंग घेऊन यायचा. पांढरा असला तर पुस्तकवाला, तपकिरी असला तर शेतकरी. शेवटपर्यंत तेच."

त्याला पटेना. "मग मावशी, तुम्ही मेंडिंग कसं मिळवायचात?" मेंडिंग, म्हणजे अवजार आपोआप दुरुस्त करणारं जादूचं पुस्तक, तेव्हा नव्हतंच, ते खेळाच्या १.९ आवृत्तीत आलं, २०१६ ला. ते सांगितलं, पण त्याच्या पुढच्या दोन प्रश्नांना मला धड उत्तर देता आलं नाही. दहा-बारा वर्षं खेळलेला खेळ, आणि तो टप्प्याटप्प्यानं कसा बदलला हे सलग सांगता येत नाही, याचं फार वाईट वाटलं.

म्हणून हा धागा. सौदे सुरू झाले ते १.३.१ मध्ये, ऑगस्ट २०१२ ला. एमराल्डही, म्हणजे ज्यात हे सौदे होतात तो पाचू, तेव्हाच आला. त्याआधीचे गावकरी नुसते फिरायचे. तिथपासून आजपर्यंत तुम्हाला जे आठवतं ते लिहा. कुठं खेळायचात, कशावर खेळायचात तेही लिहा. आवृत्ती आठवत असेल तर जरूर लिहा. मी लातूरची, माझा अनुभव मधे कुठंतरी लिहिते.

अंबाजोगाईहून

मी २०१३ पासूनचा. कॉलेजजवळच्या एका नेट कॅफेत तिघं मित्र एकाच पीसीवर खेळायचो. तासाचे पैसे वर्गणी काढून भरायचो, त्यामुळं माऊस कुणाच्या हातात किती वेळ हे घड्याळ लावून ठरलेलं असायचं.

तेव्हाचा सौदा म्हणजे यादी. गावकऱ्याकडं सुरुवातीला एकच सौदा असायचा. तो केला, खिडकी बंद केली, की थोड्या वेळानं त्याच्या अंगावर चमचम व्हायची आणि यादीत नवीन सौदा लागायचा. तोच सौदा फार वेळा केला की त्यावर फुली पडायची. फुली काढायची तर यादीतला शेवटचा सौदा करणं भाग होतं. आता तो शेवटचा चांगला निघेल याचा भरवसा काय? आमच्या एका शेतकऱ्याकडं अठरा-वीस गव्हाला एक एमराल्ड मिळत होता, आणि शेवटचा सौदा सोन्याच्या विटांचा लागला. सोनं आमच्याकडं नव्हतं. गव्हाची पेटी भरून पडली आणि गडी काही घेईना. आम्ही तीन दिवस फक्त सोनं खणत होतो, कशासाठी तर गहू विकता यावा म्हणून.

आणि दारं! आजच्या पोरांना हे खरं वाटणार नाही. गाव म्हणजे दारं मोजायची. पलंग, कामाची जागा, काही नव्हतं. दाराच्या एका बाजूला छप्पर जास्त आणि दुसरीकडं उघडं आभाळ जास्त असलं, की ते दार म्हणजे एक घर. दारांच्या संख्येच्या ३५ टक्के होईपर्यंत वस्ती वाढायची. वीस दारांना सात गावकरी. आम्ही एक लांबलचक भिंत बांधून तिला ओळीनं साठ दारं लावली होती. आत खोली नाही, चूल नाही, नुसती दारं. रात्री गावकरी त्या दारांच्या आड एका पट्टीत दाटीवाटीनं उभे राहायचे. मला तेव्हाही ते बघवायचं नाही. मित्र म्हणायचा, "आरं खेळ हाय." पण मी गुपचूप त्यांच्या मागं चार ठोकळे खोल जागा करून दिली.

सुट्टी संपवून आलो तेव्हा कॅफेतला पीसी बदललेला होता. आमचं जग गेलं ते गेलंच.

परभणीहून

वरच्या भाऊंनी १.७ पर्यंतचं लिहिलंय, त्याला जोडून १.८ चं सांगतो. सप्टेंबर २०१४. मला तो बदल सगळ्यांत मोठा वाटतो, १.१४ पेक्षाही. एकतर सौद्यांना शिस्त आली. शेतकऱ्यातच मेंढपाळ, कोळी, बाणवाला असे पोटधंदे झाले आणि कोणाकडं काय मिळेल याचा अंदाज बांधता यायला लागला. शेवटच्या सौद्याची अट गेली. नवा सौदा पहिल्यांदा केला की बंद पडलेले हमखास उघडायचे, त्यानंतर पाचात एकदा. सौदा केला की आपल्याला अनुभवाचे गुणही मिळायला लागले.

पण मला आवडलं ते वेगळंच. तपकिरी अंगरख्याचा गावकरी स्वतः शेत काढायला लागला. पिकलेलं तोडायचा, परत पेरायचा आणि पोटापुरतं ठेवून उरलेलं दुसऱ्यांकडं फेकायचा. तीन भाकरी (म्हणजे ब्रेड), किंवा बारा गाजरं, किंवा बारा बटाटे जवळ असले तरच जोडपं लेकरासाठी तयार व्हायचं. आधी नुसती दारं बघून वस्ती वाढायची, आता घरात दाणा लागायला लागला. त्या वर्षी आमच्याकडं पाऊस नव्हता. कापूस गुडघ्याएवढाही झाला नव्हता. मी संध्याकाळी येऊन त्या शेतकऱ्याला गाजरं काढताना बघत बसायचो.

बीड जिल्ह्यातून, केज तालुका

आमचं घर लोहाराचं. आजोबांनी आयुष्यभर भाता चालवला. खुरपी, विळे पाजवून द्यायचे आणि सुगीला बलुतं म्हणून ज्वारी आणायचे. पैशाचा व्यवहार कमीच. वडील शिक्षक झाले, मी संगणकाचं शिकलो. ऐरण अजून अंगणात आहे.

एप्रिल २०१९ मध्ये १.१४ आलं तेव्हा मी सुट्टीत घरी होतो. आजोबा खाटेवर बसून बघत होते. त्यांना आधीचा लोहार माहीत होता, काळ्या ॲप्रनचा. मी तो त्यांना पूर्वी दाखवला होता आणि त्यांनी त्याला "आपला" म्हटलं होतं. आता मी बिनकामाच्या गावकऱ्यासमोर स्मिदिंग टेबल ठेवलं आणि तो अवजारवाला झाला. ग्राइंडस्टोन ठेवला तर दुसरा हत्यारवाला झाला. ब्लास्ट फर्नेस ठेवली तर तिसरा चिलखतवाला.

आजोबांनी विचारलं, "ह्याचा बाप लोहारच होता का?"

म्हणलं, "न्हाई आबा. कुणाचाबी असू शकतो. समोर जे ठिवलं ते काम त्यो शिकतो."

"आन नगं वाटलं तर?"

"टेबल काढलं की मोकळा. पण एकदा त्याच्याशी सौदा केला की मग त्यो तोच ऱ्हातो."

ते बराच वेळ गप्प बसले. मग सौदे बघायला लागले. पंधरा कोळशाला एक एमराल्ड. "कोळसा इकत घेतोय म्हंजी धंदा खरा हाय," म्हणले. त्याच्या कमरेचा बिल्ला दगडाचा होता, तो लोखंडाचा कसा होतो हे मी दाखवलं. सौदे करत गेलं की दगड, लोखंड, सोनं, एमराल्ड, हिरा अशा पाच पायऱ्या आहेत. दोन दिवस आजोबा मला रोज विचारायचे, "हिरा लागला का रं?" तिसऱ्या दिवशी लागला.

पुष्कळ लोक म्हणतात की १.१४ नं सौदा सोपा करून टाकला, लेक्टर्न फोडा-ठेवा करत बसलं की हवं ते पुस्तक मिळतं. ते खरं आहे. पण माझ्यासाठी त्या आवृत्तीत जे झालं ते सोपेपणाचं नव्हतं. हिरव्या अंगरख्याचा निटविट १.११ पासून आहे, त्याला कुठलंच काम लागत नाही. तो सोडला तर गावातला कुणीही काहीही होऊ शकतो. आजोबा २०२१ ला गेले. त्या जगातला अवजारवाला मी अजून हलवलेला नाही.

हिंगोलीहून

माझ्याकडं पीसी नव्हता, भावाचा फोन होता. पॉकेट एडिशनमध्ये (फोनवरच्या आवृत्तीत) २०१४ ला गावकरी आले, पण सौदा नव्हता. आम्हाला ते माहीत नव्हतं! व्हिडिओत बघितलेलं, म्हणून मी आणि मैत्रीण दोघी त्यांच्यासमोर गहू धरून स्क्रीन दाबत बसायचो. वाटायचं आपल्यालाच जमत नाहीये. पुढं सौदा आला तेव्हा मी बारावीत होते, मैत्रिणीचं लग्न ठरलं होतं. तिला फोन करून सांगितलं, "अगं, घेतले गं त्यानं गहू." ती रडायलाच लागली.

लातूरहून, धागा सुरू करणारी

केजच्या दादांचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आता माझं लिहिते.

आमची मोंढ्यात आडत. लहानपणापासून सौदा निघताना बघितलाय. ढिगाऱ्यात हात घालून सोयाबीनची ओल बघणारे बाबा, पट्टीवर कापली जाणारी हमाली-तोलाई. लॉकडाऊनमध्ये मी घरी आले तेव्हा नव्या आवृत्तीत माझं मोठं गव्हाचं शेत होतं आणि शेतकरी व्हिलेजर एकच. वीस गव्हाला एक एमराल्ड. सौदा सोळा वेळा झाला की बंद. मग तो त्याच्या कंपोस्टरवर (शेतकऱ्याच्या कामाच्या पेटीवर) जाऊन यायचा की परत सुरू, दिवसातून दोनदा. मी रोज दोन्ही वेळा त्याला रिकामा करायचे. आणि वीसचा आकडा वाढायला लागला. बघता बघता तिसाच्या पुढं गेला. मला वाटलं माझ्या हातून चुकून त्याला मार लागला असेल, म्हणून रागावलाय. (तसंही होतं, मारलं तर ती गोष्ट गावात पसरते आणि भाव बिघडतो.)

बाबा मागून बघत होते. "रोज किती घालतीस त्याला?" सांगितलं. म्हणाले, "मग आवक वाढली की. भाव पडणारच. एकाच आडतीवर सगळा माल ओतू नये."

अगदी तेच होतं. खेळात त्याला डिमांड म्हणतात. एक सौदा सारखा केला की पुढच्या वेळी तो आपल्याला महाग पडतो; काही फेऱ्या हात लावला नाही की परत मूळ भावावर येतो. मी अजून तीन कंपोस्टर ठेवले, चार शेतकऱ्यांत माल वाटला आणि आकडा विसावर आला. हे कुठल्या मार्गदर्शकात वाचण्याआधी मला बाबांकडून कळलं.

एक फरक मात्र बाबांना खटकला. तिथं थांबलं की भाव हमखास परत येतो. "इथं कुठं येतो," म्हणाले. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात त्याच्या कितीतरी खाली सौदे निघत होते. थांबलेल्यांचं घरात पडून राहिलं. बाबांना त्या व्हिलेजरचं फार कौतुक आहे: दोन दिवस दम धरला तर तो शेतकऱ्याला बुडवत नाही.

छत्रपती संभाजीनगरहून

आम्ही सात जण एका सर्व्हरवर खेळतो, म्हणून झोंबीचं मी लिहितो. झोंबी झालेल्या गावकऱ्याला बरं करणं जुनंच आहे, २०१२ च्या १.४ पासूनचं. दुबळेपणाचं औषध फेकायचं, सोन्याचं सफरचंद खाऊ घालायचं, तीन ते पाच मिनिटं थांबायचं. सौदा स्वस्त होणं मात्र १.१४ नंतरच्या काळातलं. बरा झालेला माणूस उपकार लक्षात ठेवतो आणि भाव उतरवतो.

त्यात एक गोम होती. त्याच गावकऱ्याला परत झोंबीपुढं टाकलं आणि परत बरं केलं की भाव अजून उतरायचा. असं करत करत सगळं एका एमराल्डवर. हार्डवर (खेळाच्या सगळ्यांत अवघड पातळीवर) तर चावलेला प्रत्येक जण झोंबीच होतो, कुणी मरत नाही, म्हणून लोक हार्ड लावून हे करायचे. आमच्याकडं त्यासाठी अख्खं यंत्र होतं. ते माझ्याच डोक्यातून निघालेलं.

सप्टेंबर २०२३ मध्ये १.२०.२ नं ते बंद केलं. मोठी सूट फक्त पहिल्यांदा बरं केल्यावर. सर्व्हरवर भांडणं झाली, दोघं सोडून गेले. मी मात्र ते यंत्र त्या रात्रीच पाडलं. मला ते आवडत नव्हतं, आणि सगळे वापरतात म्हणून मीही चालू ठेवलं होतं. एखाद्याला मुद्दाम आजारी पाडायचं आणि मग औषध दिल्याबद्दल त्याच्याकडून सूट घ्यायची. हे चूकच होतं.

धाराशिवहून

संभाजीनगरच्या दादांशी सहमत, पण त्याच १.२०.२ मधल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला बोलायचंय. प्रयोग म्हणून एक वेगळा पर्याय आला, त्यात लायब्ररियनची पुस्तकं तो कुठल्या प्रदेशातला आहे त्यावर ठरतात. मेंडिंग फक्त दलदलीतल्या, तेही शेवटच्या पायरीवर पोचलेल्या लायब्ररियनकडं. आणि दलदलीत गावं आपोआप तयार होत नाहीत! म्हणजे दोन गावकरी होडीत बसवून तिथं न्यायचे, पलंग टाकायचे, आणि त्यांचं तिथं जन्मलेलं लेकरू मोठं होऊन शिकेल तेव्हा मेंडिंग. सगळे नावं ठेवतात. मी तो पर्याय चालू करून खेळले. अकरा दिवस लागले मला. लेक्टर्न फोडून मिळवलेल्या चाळीस पुस्तकांपैकी एकही मला आठवत नाही, हे एक आठवतं.

अंबाजोगाईहून, परत

लातूरच्या ताई, भाच्याला दाखवायचं असेल तर एक करा. लाँचरमध्ये जुनी आवृत्ती निवडता येते. १.७.१० घ्या. मी काल रात्री घेतली. नवीन जग केलं, गाव सापडेपर्यंत चाललो, एका तपकिरी अंगरख्यावाल्यासमोर उभा राहिलो. एकच सौदा होता, गव्हाचा. केला, खिडकी बंद केली आणि वाट बघत बसलो. चमचम झाली.

दुसरा सौदा सोन्याचा लागला. तिघांच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. एक जण पुण्यात आहे, एक दुबईत. पहाटे तीनला उत्तर आलं: "खणायला कधी बसायचं?"