डी ड्राइव्ह मधेच गायब होतोय, ड्रायव्हर बदलून पण तेच

उद्यमनगरकर:
शिवाजी उद्यमनगरात आमचं वर्कशॉप. खाली दोन लेथ आणि एक पॉवर प्रेस, वर पोटमाळ्यावर ऑफिस. ड्रॉइंगच्या कॉम्प्युटरला विंडोज १० एसएसडीवर आणि डेटा २ टीबीच्या साध्या साटा हार्डडिस्कवर, म्हणजे डी ड्राइव्हवर. गेला महिनाभर ही डिस्क छळायला लागलीय. फाईल सेव्ह करायला गेलं की माउस तेवढा हलतो, बाकी सगळं थंडगार. मग कधी आपोआप जागा होतो, कधी डी ड्राइव्हच गायब. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, स्टोरएएचसीआय या डिस्कच्या ड्रायव्हरची १२९ नंबरची नोंद आणि मागोमाग एनटीएफएस या फाइलसिस्टीमची ५५. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय) तीनदा मारली. तिसऱ्या वेळी ‘फाउंड.०००’ नावाचं लपलेलं फोल्डर झालं आणि त्यात आमच्या एका जिगच्या ड्रॉइंगचे तुकडे! ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टचा काढून मदरबोर्डवाल्यांचा टाकला, परत उलटा फिरवला. फरक शून्य. दुकानदार म्हणतोय डिस्क गेली, नवी घ्या. खरंच गेली का?

रंकाळ्याचा_वारा:
भावा, पहिलं चेकडिस्क बंद कर. ती फाइलसिस्टीमचा, म्हणजे कुठली फाईल कुठं ठेवलीय त्याचा, हिशोब जुळवते, तुझ्या ड्रॉइंगचं तिला काय पडलंय! डिस्ककडं जायची वाट अडखळतीय तोवर तिला लिहायला लावलंस तर आहे तेही बिघडवशील. आजच डेटा दुसऱ्या डिस्कवर काढ. मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ०५, सी५, सी६ (हे तीन खराब जागांचे) आणि सी७ चे आकडे इथं टाक.

तालमीतला:
फॉरमॅट मार, विषय संपला.

रंकाळ्याचा_वारा:
आणि ड्रॉइंग तू काढून देणार काय?

उद्यमनगरकर:
डेटा काढला, दोनदा अडकला पण निघाला. वर निळ्या रंगात ‘गुड’ दिसतंय. ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य. सी७ ला १ए४.

निवृत्त_वायरमन:
तो आकडा हेक्समधला (सोळाच्या पाढ्यातला) आहे, म्हणजे आपल्या साध्या मोजणीत ४२०. आकडापण कसला गावलाय! सी७ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये, वाटेत खराब झालेला डेटा. तबकडी खराब असती तर ०५ किंवा सी५ हलले असते. ‘गुड’वर जाऊ नका, तो शेरा सी७ बघून ठरत नाही. १२९ चा अर्थ एवढाच की डिस्कनं वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून ड्रायव्हरनं तिला रीसेट केलं. म्हणजे ड्रायव्हर तक्रार सांगणारा, गुन्हेगार नव्हे. साटाची केबल बदला, बोर्डावरचं पोर्ट बदला, पॉवरला मधे जोडणी लावली असेल तर काढून सरळ एसएमपीएसची (कॉम्प्युटरच्या पॉवरच्या डब्याची) पिन द्या. आणि १ए४ कागदावर लिहून ठेवा. तो कधी कमी होणार नाही, वाढतोय का तेवढंच बघायचं.
एक विचारू? हे सगळं प्रेस चालू असतानाच होतं का हो?

उद्यमनगरकर:
काका, तुमच्या पाया पडलो पाहिजे. नोंदींच्या वेळा बघितल्या, एकही रात्रीची नाही. सगळ्या प्रेसच्या पाळीतल्या.

कॅबिनेट उघडलं. केबल बिनक्लिपची, डिस्कपाशीच काटकोनात दुमडलेली, आणि बाजूचा पत्रा बरोबर त्या घडीवर दाबून बसलेला. बोट लावलं तर पिन डुलतीय. टेबल पोटमाळ्याच्या फळीवर, म्हणजे खाली ठोका पडला की वर हादरा. क्लिपची केबल आणली, दुसऱ्या पोर्टला लावली, कॅबिनेटखाली जुन्या व्ही-बेल्टचे चार तुकडे ठेवले.

आज नववा दिवस. १२९ नाही, ५५ नाही, सी७ अजून १ए४. चेकडिस्क शेवटची एकदा मारली, काही सापडलं नाही. जिगचं ड्रॉइंग मात्र नव्यानं काढावं लागलं, दीड दिवस गेला. जुनी केबल पक्कडनं तोडून टाकली, नाहीतर आमचं पोरगं ती परत कशाला तरी लावणार.

तालमीतला:
नाद खुळा काका! माझा पण कॉम्प्युटर फ्रिजला चिकटून आहे, बघतोच आता.