रोज लग्न लागणारा आणखी एक देव

तिरुमलाला, म्हणजे तिरुपती बालाजीच्या देवळात, रोज दुपारी देवाचं लग्न लागतं. या कल्याणोत्सवात तिकीट काढलेल्या जोडप्यांना समोर बसवतात. मूळ मूर्ती गाभाऱ्यातच राहते. लग्न लागतं ते मलयप्पा स्वामी या उत्सवमूर्तीचं (उत्सवासाठी बाहेर काढतात त्या मूर्तीचं), श्रीदेवी-भूदेवींशी.

पण मला जास्त भावतं ते चेन्नई-महाबलीपुरम रस्त्यावरचं तिरुविदंदै. तिथल्या देवाचं नावच नित्यकल्याण पेरुमाळ, म्हणजे रोज लग्न लागणारा विष्णू! कथा अशी की कालव ऋषींच्या ३६० मुली, आणि वराहरूपातल्या विष्णूने वर्षभर रोज एकीशी लग्न केलं. शेवटी सगळ्यांची मिळून एकच देवी केली, अखिलवल्ली, आणि तिला डाव्या बाजूला घेतलं. (ऋषींचा मांडव वर्षभर उतरलाच नसणार!)

इथे लग्न जमत नसलेली मुलं-मुली हार घेऊन येतात. देवाला वाहिलेला हार पुजारी त्यांच्या गळ्यात घालतात, तो घालून नऊ प्रदक्षिणा करायच्या. हार घरी जपून ठेवायचा आणि लग्न झालं की जोडीने तो सुकलेला हार घेऊन परत यायचं. तिकिटापेक्षा हा परत येण्याचा वायदा मला फार गोड वाटतो.

आपल्या विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न मात्र वर्षातून एकदाच, वसंत पंचमीला.