मज्जारज्जूतली ‘मज्जा’ नेमकी कोणती?

झुळूक
मामांच्या मानेच्या एमआरआयचा रिपोर्ट घरच्यांना कळावा म्हणून मी मराठीत लिहून काढला. ‘मज्जारज्जूवर दाब आहे, शस्त्रक्रियेचा सल्ला दिला आहे.’ मामीने वाचलं आणि ती रडायलाच लागली. तिच्या लेखी मज्जा म्हणजे हाडातला मगज, म्हणजे बोन मॅरो, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. तिला समजावता समजावता माझंच अडलं. अस्थिमज्जा, मज्जारज्जू, मज्जातंतू, मज्जासंस्था या सगळ्यांतली मज्जा एकच का? नसेल, तर शब्द एक कसा?

खडूफळा
मामींचं काही चुकलेलं नाही. त्यांनी लावला तोच मज्जेचा मूळ अर्थ. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र या सप्तधातूंत मज्जा अस्थीच्या लगेच पुढे येते, कारण ती हाडाच्या पोकळीतला मऊ गर आहे. आता पाठीचा कणा उघडून पाहणाऱ्या जुन्या माणसाला काय दिसलं असेल? पुन्हा हाडाची पोकळी आणि पुन्हा आत मऊ, पांढरट काहीतरी, फक्त दोरीसारखं लांब. त्याने त्यालाही मज्जाच म्हटलं. दिसण्यावरून नाव पडलं, काम कोणाला ठाऊक होतं?

गंमत म्हणजे ग्रीकांचंही हेच झालं. त्यांचा शब्द ‘मायेलॉस’, अर्थ मज्जा. त्यातून मायलोमा निघाला, तो अस्थिमज्जेचा कॅन्सर. ऑस्टिओमायलायटिस हा हाडाचा आणि त्यातल्या मज्जेचा जंतुसंसर्ग. पण नुसता मायलायटिस म्हटलं की मज्जारज्जूचा दाह. पोलिओचं पूर्ण नाव पोलिओमायलायटिस, त्यात ‘पोलिओस’ म्हणजे करडा; मज्जारज्जूच्या करड्या भागावर तो विषाणू घाला घालतो. लॅटिनमधला ‘मेडुला’ही असाच दोन दगडांवर पाय ठेवून उभा आहे, आणि जर्मन लोक आजही हाडातल्या आणि पाठीतल्या दोन्ही वस्तूंना ‘मार्क’च म्हणतात, शब्दाच्या आधी फक्त हाड किंवा पाठ जोडतात.

बाकी दोघींचा कामापुरताही संबंध नाही. अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होतात. मज्जारज्जू मेंदूचे निरोप खाली नेतो आणि शरीराचे वर आणतो.

झुळूक
रिपोर्टमध्ये ‘मायलोपथी’ असा शब्द आहे. नशीब, मामीने तो नेटवर शोधला नाही.

सुईदोरा
माझं रोजचं कामच या भागात चालतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मायलोपथी म्हणजे मज्जारज्जूचं काम बिघडणं. मानेत दाब असेल तर रुग्ण पुष्कळदा दुखण्याची तक्रार घेऊन येतच नाही. शर्टाची बटणं लागत नाहीत, सही बदलली, अंधारात चालताना तोल जातो, पाय जड झाले, असं सांगतो. घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. शस्त्रक्रियेचा पहिला हेतू हा बिघाड पुढे सरकू नये हा असतो. गेलेली ताकद काही जणांची बरीच परत येते, काहींची थोडीच. हे आधी बोलून घेतलेलं बरं.

शब्दांच्या बाबतीत माझी तक्रार मज्जेपेक्षा ‘मणक्याचं ऑपरेशन’ या शब्दांवर आहे. लोक मान आणि कंबर एकाच मापाने मोजतात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारण ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. कणा तिथून आणखी बराच खाली जातो. त्या खालच्या पोकळीत नुसत्या चेतांचा झुपका (चेता म्हणजे मज्जातंतू, नर्व्ह) लोंबत असतो. त्याला लॅटिनमध्ये ‘घोड्याची शेपटी’ म्हणतात, आपल्याकडे अश्वपुच्छ. शरीरशास्त्रात इतकं नेमकं नाव क्वचितच सापडेल. म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातल्या गादीचं ऑपरेशन होतं तिथे मज्जारज्जू नसतोच. पाठीतलं पाणी तपासायला सुई घालतात तीही याच खालच्या भागात. सुई आली की हे धागे पाण्यात बाजूला सरकतात. ‘पाठीतलं पाणी काढलं आणि पाय गेले’ ही भीती रज्जू खालपर्यंत असतो या समजुतीतून येते.

शेपटीला धोका नसतो असं मात्र नाही. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, किंवा खोगिरावर बसताना जो भाग टेकतो तो बधिर झाला, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

बोरू
‘चेतांचा झुपका’ छान. पण घरात कोणी चेता म्हणत नाही, नस म्हणतात. ‘नस दबली’ ती चेता, ‘नस सापडत नाही’ ती सलाइन लावायची शीर, आणि ‘नसेवर नस चढली’ म्हणजे पोटरीतला गोळा, जो खरं तर स्नायूचा आहे. एका शब्दावर तिघांचा संसार.

उंबरठा
स्नायूचं नाव काढलंत म्हणून सांगते. मी भाषांतराचं काम करते. एका माहितीपत्रकाच्या मराठी मसुद्यात ‘स्नायुरोगतज्ज्ञ’ असं आलं होतं आणि मजकूर सगळा फिट्स, पक्षाघात, मेंदूतल्या गाठी यांचा. मूळ हिंदी होतं. हिंदीत आणि बंगालीत स्नायू म्हणजे नर्व्ह, आपल्याकडे मसल! शब्द तसाच उचलला की रुग्ण भलत्याच दारात.

खडूफळा
आणि सुश्रुतसंहितेत या दोन्हींपैकी एकही अर्थ सरळ बसत नाही. तिथे पेशी ५००, स्नायू ९००, सिरा ७०० अशी वेगवेगळी मोजणी आहे. पेशी म्हणजे मांसपेशी आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे चिवट दोर. मराठीने तो शब्द मांसाकडे ओढला, हिंदीने चेतेकडे. ग्रीक ‘न्यूरॉन’चाही जुना अर्थ कंडरा (मांसपेशी हाडाला बांधणारी दोरी), धनुष्याची दोरी असाच होता. चिवट, पांढरं आणि ताणलेलं दिसलं की सगळ्यांना एकच नाव सुचत होतं.

झुळूक
मज्जारज्जूऐवजी पृष्ठरज्जू लिहिलं तर? मज्जेची भानगडच नको.

खडूफळा
ते नको. पृष्ठरज्जू हा नोटोकॉर्डसाठी, म्हणजे गर्भाच्या पाठीत असणाऱ्या लवचिक दांडीसाठी, राखलेला शब्द आहे. शाळेत ‘समपृष्ठरज्जू प्राणी’ पाठ केलेले आठवतात ना? मेरुरज्जू चालेल. मेरू म्हणजे कणा, अर्थ सरळ लागतो.

सुईदोरा
पृष्ठरज्जू गर्भात असतो, पण अगदीच नाहीसा होत नाही. दोन मणक्यांमधल्या गादीच्या मधोमध जो मऊ गर असतो, तो त्याचाच वारसा.

गादीवरून ‘मणक्यात गॅप आली’ आठवलं. रोज ऐकतो. एक्स-रेत उलटं दिसतं. गादी झिजली की दोन मणक्यांतली फट कमी होते. ‘तुमची गॅप वाढली नाही, घटली आहे,’ म्हटलं की रुग्ण माझ्याकडेच संशयाने बघतो. ‘गादी सरकली’ हेही अर्धंच खरं. अख्खी गादी जागची हलत नाही, बाहेरचं कडं फाटतं आणि आतला गर बाहेर येऊन चेतेला टेकतो. पायात उतरणारी कळ या गराने येते हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यविशारदांनी १९३४ मध्ये नीट मांडलं. त्याआधी हाच गर बऱ्याचदा गाठ समजून काढला जात असे.

बोरू
म्हणजे गॅप आहे ती रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात.

झुळूक
नवा मसुदा: ‘मानेच्या मणक्यांमधून जाणाऱ्या मेरुरज्जूवर (मेंदूकडून हातापायांकडे जाणारी चेतांची दोरी) दाब आला आहे. याचा हाडातल्या मज्जेशी किंवा रक्ताशी संबंध नाही.’ मामीने दोनदा वाचला. आता तिचा प्रश्न आहे, दोरी तुटणार तर नाही ना?

सुईदोरा
दाबाने दोरी तुटत नाही, चेपते. ‘चेपली आहे, ऑपरेशनने तिला जागा करून देणार’ असं सांगा. नेमकं तेच करतात. मागून किंवा पुढून हाड, गादी काढून जागा करतात.

उंबरठा
वाक्य घेतलं. एक शंका राहिली. तो मेरुरज्जू की ती?

खडूफळा
संस्कृतात रज्जू स्त्रीलिंगी. मराठीत बहुतेक जण ‘तो’ म्हणतात, मीही.

सुईदोरा
ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही ‘कॉर्ड’ म्हणतो. आणि ती कॉर्ड.