बांधकामाचे डिजिटल ट्विन जागेबरोबर कसे चालवावे?

प्रश्न : नियोजन अभियंता

नमस्कार. मी एका बहुमजली इमारतीच्या बांधकामावर नियोजनाचे काम पाहते. काम सुरू होण्यापूर्वी इमारतीचे बीआयएम मॉडेल (प्रत्येक घटकाची माहिती असलेली संगणकीय त्रिमितीय प्रतिकृती) तयार होते, वेळापत्रकातील कामे त्यातील घटकांशी जोडलेली होती आणि त्यालाच पुढे डिजिटल ट्विनचे, म्हणजे जागेवरच्या कामाबरोबर बदलत राहणाऱ्या जुळ्या प्रतिकृतीचे, रूप देऊन प्रगती, साहित्य व क्रेनचा वापर एकाच पडद्यावर पाहता येईल, अशी अपेक्षा होती. पहिले दोन महिने ते ठीक चालले, पण नंतर मॉडेल आणि जागा यांची फारकत होऊ लागली. मॉडेलमध्ये एका मजल्याचा स्लॅब हा एकच घटक आहे. आम्ही तो तीन भागांत भरतो, त्यामुळे दोन भाग भरून झाले तरी ते दाखवण्याची सोय नाही. दर आठवड्याच्या ड्रोन छायाचित्रांपासून बनवलेला पॉइंट क्लाउड (मोजलेल्या असंख्य बिंदूंचा त्रिमितीय संच) मॉडेलवर नीट बसत नाही. फोरमनच्या नोंदी उशिरा येतात, कधी येतच नाहीत. एक सहकारी केवळ मॉडेल अद्ययावत ठेवण्यासाठी राबतो आहे, तरीही साप्ताहिक बैठकीत सगळे जुनी यादीच उघडतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ : संरचना अभियंता

आपण ज्याला ट्विन म्हणत आहात, ते अजून मॉडेलच आहे, असे मला वाटते. माणसाने हाताने माहिती भरायची असेल तर ते डिजिटल मॉडेल. जागेवरची माहिती आपोआप येत असेल तर ती डिजिटल छाया. आणि त्या माहितीवरून निघालेला निर्णय पुन्हा जागेवर जाऊन काम बदलत असेल तरच ते ट्विन, असा भेद या विषयाच्या अभ्यासात केला जातो. ही कल्पना मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये मांडली ती कारखान्यातील उत्पादनांसाठी. कारखान्यात वस्तू ठरलेल्या मार्गाने पुढे सरकते. बांधकामात जागाच रोज बदलते, म्हणून सगळ्याचे ट्विन एकदम करू पाहणे थकवणारे ठरते.

एकच निर्णय निवडा. माझ्या मते सेंटरिंग (ओल्या काँक्रीटला दिलेला तात्पुरता आधार) केव्हा काढायचे, हा निर्णय सर्वांत योग्य आहे, कारण तो वारंवार घ्यावा लागतो आणि पुढच्या मजल्याचे वेळापत्रक त्यावर अवलंबून असते. काँक्रीटमध्ये तापमान संवेदक बसवून मॅच्युरिटी पद्धतीने, म्हणजे काँक्रीट किती वेळ किती तापमानात राहिले यावरून, ताकदीचा अंदाज घेता येतो. त्यासाठी एएसटीएम या मानक संस्थेची सी १०७४ ही प्रमाणित पद्धत उपलब्ध आहे. आधारतापमान (ज्याखाली ताकद वाढत नाही असे धरतात ते) शून्य अंश सेल्सिअस धरले, तर २० अंशांवर ४८ तासांत ९६० अंश-तास (तापमान गुणिले तास) होतात आणि ३० अंशांवर तेवढेच ३२ तासांत. हा १६ तासांचा फरक ट्विनने वेळापत्रकात स्वतःहून आणला, तर बैठकीत यादी उघडण्याची गरज उरणार नाही. संवेदक मात्र स्लॅबच्या कडेला व पातळ भागातही ठेवा. मधला भाग उबदार राहतो आणि तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे असते.

उत्तर २ : सर्वेक्षक

पॉइंट क्लाउड न बसण्याचे कारण बहुधा सहनिर्देशकांत असेल. आर्किटेक्टचे मॉडेल स्वतःच्या स्थानिक शून्यबिंदूवर असते आणि ड्रोन उपग्रहाधारित स्थान देतो. उंचीतली चूक लगेच दिसते, कारण उपग्रहाने दिलेली, पृथ्वीच्या गणिती लंबवर्तुळाकृतीवरची उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत कित्येक मीटरचे अंतर असू शकते. दडून राहते ती मापनगुणकाची, म्हणजे नकाशावरचे अंतर आणि जमिनीवरचे अंतर यांच्या गुणोत्तराची, चूक. यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणात मध्य रेखावृत्तावर हा गुणक ०.९९९६ असतो, म्हणजे १०० मीटर लांबीच्या इमारतीत सुमारे ४ सेंटीमीटर. एवढ्या फरकाने कॉलम हलल्यासारखा दिसतो आणि चांगल्या कामावर नाहक दोष येतो. जागेवर कायमचे नियंत्रण बिंदू पक्के करा, टोटल स्टेशनने (कोन व अंतर मोजणाऱ्या यंत्राने) ते मोजा आणि मॉडेल व ड्रोन दोन्ही त्यांनाच बांधा.

आणखी एक गोष्ट. ड्रोनला वरचा स्लॅब दिसतो, खालचे मजले दिसत नाहीत. तेथे लेझर स्कॅनर लागेल. ड्रोनच्या मापांत काही सेंटीमीटरची अचूकता मिळते. मातीकामाच्या घनफळासाठी ती पुरेशी आहे, पण दर्शनी भागाचे ब्रॅकेट तिच्या भरवशावर तपासू नयेत.

उत्तर ३ : बीआयएम समन्वयक

स्लॅबचा प्रश्न सोडवल्याशिवाय बाकीचे काहीही टिकणार नाही. डिझाइनचे मॉडेल इमारत पूर्ण झाल्यावर कशी असेल ते सांगते, ती कोणत्या क्रमाने उभी राहील ते सांगत नाही. बांधकामाच्या सांध्यांवर स्लॅबचे भाग पाडा आणि प्रत्येक भागाला जो क्रमांक द्याल तोच वेळापत्रकात, काँक्रीटच्या गाडीबरोबर येणाऱ्या चलनावर आणि क्यूबच्या (काँक्रीटच्या चाचणी-ठोकळ्यांच्या) नोंदीत वापरा. मग चलन आले की भरणीची नोंद त्यातूनच होते, फोरमनला वेगळे काही लिहावे लागत नाही. नोंदी उशिरा येतात याचा दोष फोरमनला देऊ नये. ज्या नोंदीचा त्याला स्वतःला काही उपयोग नाही, ती तो दिवसभराच्या श्रमानंतर का भरेल? त्याच्या भागाचे सेंटरिंग कधी निघणार, हे त्याला मोबाइलवर दिसू द्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी आभारी आहे. स्लॅबचे भाग पाडणे आणि नियंत्रण बिंदू पक्के करणे ही दोन कामे पुढच्या मजल्यापासून सुरू करते. एक शंका उरते : पुरवठादाराने सिमेंट किंवा मिश्रणाचे प्रमाण बदलले, तर मॅच्युरिटीचे आकडे ग्राह्य धरावेत का?

उत्तर १ : संरचना अभियंता

धरू नयेत. तापमान आणि ताकद यांचा संबंध प्रयोगशाळेत त्याच मिश्रणाच्या नमुन्यांवरून काढलेला असतो. मिश्रण बदलले की तो पुन्हा काढावा लागतो. शिवाय संवेदकाला फक्त तापमान कळते. गाडीत कोणी जास्तीचे पाणी घातले तर काँक्रीट कमकुवत होईल, तरी पडद्यावरचा आकडा चांगलाच दिसेल. त्यामुळे क्यूबच्या चाचण्या थांबवू नका. मिश्रणाचा सांकेतिक क्रमांक चलनातून ट्विनमध्ये येऊ द्या आणि तो नोंदलेल्या मिश्रणाशी जुळला नाही, तर त्या भागाचा ताकदीचा अंदाज दाखवणेच बंद होईल, अशी व्यवस्था करा. सेंटरिंग काढण्याची परवानगी संरचना अभियंत्याच्या सहीनेच द्यावी.