शब्दचर्चा: 'मसल मास' आणि 'स्ट्रेंथ' यांना मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: जिमला येणाऱ्या बायकांसाठी वेट ट्रेनिंगवर मराठीत दोन पानं लिहितेय. मसल मास म्हणजे 'स्नायूंचं वस्तुमान' लिहिलं तर फिजिक्सचं पुस्तक वाटतंय, आणि स्ट्रेंथला शक्ती, बळ की ताकद? आणि रेझिस्टन्स ट्रेनिंगला 'प्रतिकार प्रशिक्षण' चालेल का?

उत्तर: प्रतिकार नको, लोकांना लगेच रोगप्रतिकारशक्ती आठवते. सरळ 'वजनाचा व्यायाम' लिहा, रबरबँड नि जोर-बैठका पण त्यात येतात असं एकदा सांगून टाका. स्ट्रेंथला ताकदच, 'अंगात ताकद आली' हे सगळ्या बायका बोलतात. शक्ती फार मोघम आहे, देवीची पण शक्ती आणि स्मरणाची पण शक्तीच. मसल मासला 'स्नायूंचं प्रमाण' किंवा बोलताना 'अंग भरणं'. हिंदीतून उचलताना मात्र सांभाळा, तिकडे मसल म्हणजे मांसपेशी आणि स्नायु तंत्र म्हणजे आपली मज्जासंस्था, आणि आपल्याकडे पेशी म्हणजे सेल, त्यामुळे नुसते शब्द उचलून केलेल्या भाषांतरात सगळा गोंधळ होतो.

पण माझ्या मते खरं महत्त्वाचं हे की 'स्नायू वाढवा' आणि 'ताकद वाढवा' हे एकाच अर्थाने लिहू नका. वजनाचा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते पण स्नायूंची जाडी फारशी वाढलेली नसते, कारण मेंदू नि मज्जासंस्था असलेल्याच स्नायूंकडून जास्त काम करून घ्यायला शिकतात, शिवाय हालचाल सफाईदार होते. पुढे मात्र स्नायू वाढल्याशिवाय ताकद फार पुढे सरकत नाही, जाड स्नायू जास्त जोर लावू शकतो हे खरंच आहे. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारं हार्मोन पुरुषांपेक्षा खूपच कमी म्हणून अंग एकदम फुगत नाही, पण जिथून सुरुवात केली त्या मानाने टक्क्यांत पाहिलं तर ताकद पुरुषांइतकीच वाढते. 'बॉडी होईल' म्हणून डंबेलला हात न लावणाऱ्या बायका मी रोज बघते आणि वाईट वाटतं, पन्नाशीनंतर जिना चढायला, जमिनीवरून उठायला हीच ताकद लागते.

वेटलिफ्टर मीराबाई चानू घ्या. 2014 च्या ग्लासगो कॉमनवेल्थला 48 किलो वजनगटात दोन्ही प्रकारच्या उचलींचं मिळून एकूण 170 किलो, 2017 च्या जागतिक स्पर्धेत त्याच गटात 194, आणि 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकला 49 किलो गटात 202. अंगाचं वजन जवळपास तेच आणि उचललेलं वजन 32 किलोनी वर! म्हणजे तिचे स्नायू कमी आहेत असं अजिबात नाही, पण काट्यावरचा आकडा ताकद सांगत नाही एवढं तरी यातून कळतं.

प्रश्नकर्ती: हे पटलं. मग अंग फार न भरता ताकद आलेल्या बाईला एक शब्द हवाय, पिळदार लिहू?

दुसरं उत्तर: पिळदार नको, तो दिसण्याचा शब्द आहे, दंडाचा पीळ डोळ्यांना दिसतो. 'काटक' लिहा ना! आमच्याकडे शेतात राबणाऱ्या बाईला काटकच म्हणतात, अंगावर मांस नाही पण पोतं उचलते. फक्त काटकमध्ये चिवटपणा, दम पण येतो, म्हणून जिथे किती किलो उचललं ते सांगायचंय तिथे ताकदच ठेवा.