'एउ' आणि आपला 'सु'

प्रश्न : प्राचीन ग्रीक कवी होमर वाचताना 'चांगलं, नीट' या अर्थाचं ग्रीक क्रियाविशेषण कधी 'ए-उ' असं दोन अक्षरी मोजावं लागतं, तर कधी नुसतं 'एउ'. हे दोन वेगळे शब्द आहेत का?

उत्तर : नाही, शब्द एकच. जुनं रूप दोन अक्षरांचं, पुढे ते स्वर एकमेकांत मिसळून एक अक्षर झालं. होमरकडे दोन्ही रूपं सापडतात, अथेन्सच्या गद्यात आखूडच. 'एउक्नेमिदेस अखाइओइ', म्हणजे पोटऱ्यांना उत्तम कवच बांधलेले ग्रीक, हे म्हणून बघा. इथे 'ए' आणि 'उ' सुटे म्हटले तरच वृत्त जमतं. छापील प्रतीत त्यासाठी 'उ'वर दोन ठिपके देतात.

अर्थाला मात्र 'चांगलं' पुरत नाही. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात पुजारी ख्रुसेस ग्रीकांना म्हणतो, ट्रॉय जिंका आणि 'एउ' घरी पोहोचा. तिथे 'सुखरूप'शिवाय दुसरा शब्द मला सुचत नाही. 'एउ ओइदा' म्हणजे पक्कं ठाऊक आहे. 'एउगे' म्हणजे शाबास! आणि 'एउ प्रात्तेइन' शब्दशः 'नीट करणं', पण रूढ अर्थ 'बरं चाललेलं असणं'. प्लेटोच्या नावावरची पत्रं नेहमीच्या नमस्काराऐवजी याच शब्दांनी सुरू होतात. त्याचं 'रिपब्लिक'ही याच क्रियापदावर संपतं. नीट वागा आणि तुमचं नीट होवो, हे दोन्ही तिथे एकाच वेळी ऐकू येतं. मराठीत एका शब्दात ते आणायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही.

प्रश्न : मग 'सुगंध', 'सुविचार' यांतला आपला 'सु' याचाच भाऊ का?

उत्तर : बहुतेक भाषाशास्त्रज्ञ तसंच मानतात. ग्रीक 'एउमेनेस' (चांगल्या मनाचा) शेजारी संस्कृत 'सुमनस्' ठेवा, 'दुस्मेनेस' (वाईट मनाचा) शेजारी 'दुर्मनस्'. जोड्या हुबेहूब जुळतात. आपल्याकडे 'सु' पुढे उपसर्ग म्हणूनच उरला, पण ऋग्वेदात तो सुटा येतो : 'मो षु वरुण मृन्मयं गृहम्'. संधीमुळे 'षु' झालेला तो हाच. ग्रीकांनी आपला सुटा शब्द रोजच्या बोलण्यात टिकवला.

आणखी एक, मला फार आवडणारी गोष्ट. बाख्त्रियाचा (आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडचा प्रदेश) ग्रीक राजा एउक्रातिदेस याच्या काही नाण्यांवर एका बाजूला ग्रीक लेख, तर दुसऱ्या बाजूला खरोष्ठी या जुन्या भारतीय लिपीत 'महरजस एवुक्रतिदस'. ग्रीकांनी एक केलेलं अक्षर तिथल्या लेखनिकाने पुन्हा दोन करून लिहिलं.